कापी पास झाल्याशिवाय चहा नाही

जहांगीरच्या दुकानात आलेला माणूस चहा न पिता गेला, असं लातुरात सहसा घडत नसे. गिऱ्हाईक येवो, वसुलीवाला येवो की चुकून पत्ता विचारायला कुणी येवो, समोरच्या टपरीवर बोटांनी खूण व्हायची आणि कप यायचे. एका माणसाने मात्र त्या दुकानात कधी घोटभरही चहा घेतला नव्हता, आणि तो माणूस म्हणजे जहांगीरचे वडील.

बिलालमियाँ नांदेडचे कातिब. म्हणजे उर्दू मजकूर छपाईसाठी हातानं लिहून देणारे. पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं बोरूनं लिहायचं, तो कागद छापखान्यात जायचा, आणि जसं लिहिलं तसं उमटायचं. नांदेडचा उर्दू पेपर त्यांच्या हातचा, लग्नाच्या पत्रिका त्यांच्या हातच्या, हिमायतनगरपर्यंतच्या दुकानांच्या पाट्याही त्यांच्याच हातच्या. या कागदाला एक खोड होती. पाण्याचा, घामाचा, चहाचा एक थेंब पडला की अख्खं पान बाद. म्हणून त्यांच्या वडिलांनी आणि वडिलांच्या वडिलांनी एक शिस्त घालून दिली होती: कापी, म्हणजे लिहिलेलं पान, तपासून पास झाली की चहा, तोवर ओठाला कप नाही. बिलालमियाँनी ती शिस्त इतकी अंगात मुरवली होती की पिवळा कागद गेला, बोरू डब्यात बंद झाले, तरी ती गेली नाही. मुलाच्या दुकानात ते वर्षाकाठी एकदा यायचे, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. संगणकाच्या पडद्यावर एक नजर टाकायचे. जहांगीर विचारायचा, "अब्बा, चाय?" आणि अब्बा म्हणायचे, "कापी पास न्हाई झाली."

कुठली कापी, हे बापानं कधी सांगितलं नाही आणि मुलानं कधी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. नापास होता तो जहांगीर स्वतः.

त्याचं असं झालं होतं. भूकंप झाला त्या साली जहांगीर विशीत होता आणि बापाशेजारी बसून बोरू तासत होता. मोहल्ल्यातून कपडे, भांडी, पीठ भरलेला एक ट्रक किल्लारीकडे निघाला, त्यावर तो चढला. तिथं त्यानं जे पाहिलं ते त्यानं पुढं मलिकाला, म्हणजे बायकोलाही, कधी नीट सांगितलं नाही. ट्रक परत नांदेडला गेला, हा लातुरात राहिला. मदतीला आलेल्या एका संस्थेकडे संगणक होता आणि तो चालवायला माणूस नव्हता. कुणीतरी विचारलं, "टाइप करता येतं का?" जहांगीर म्हणाला, "येतं की." येत नव्हतं. पण पुढं येऊ लागलं. न येणाऱ्या गोष्टीला 'हाव', म्हणजे हो, म्हणायची सवय त्याला तिथंच लागली, आणि खोटं कशाला बोला, तिनं त्याचं भलंच केलं.

संस्था गेली, संगणक त्यानं विकत घेतला, आणि तेवढ्यात लातुरात कोचिंगचं पीक आलं. गल्लीगल्लीत क्लास निघाले. बारावीची पोरं जिल्ह्याजिल्ह्यातून येऊन खोल्या करून राहू लागली, आणि प्रत्येक सरांना नोट्स हव्या होत्या, त्याही काल. जहांगीरचा धंदा उभा राहिला. एवढी घरं पडली आणि आपलं दुकान उभं राहिलं, ही गोष्ट त्याला कधीमधी टोचायची. मग तो आणखी एक चहा सांगायचा.

इकडे नांदेडच्या उर्दू पेपरनंही संगणक घेतला. बिलालमियाँना घरी बसवलं. मुलगा कलम सोडून गेला याचा राग होताच, आता मशीननं कलमच सोडवलं म्हणून तो दुप्पट झाला. आणि त्यातही मुलाचं मशीन डावीकडून उजवीकडे लिहिणारं. मराठी आणि इंग्रजीचीच गिऱ्हाइकं, तेव्हा उर्दूची गरजच पडली नव्हती. "डावखुरं मशीन," अब्बा म्हणायचे. जहांगीरला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. बापानं एकदा, फक्त एकदा, या दुकानात बसून कप उचलावा, एवढंच त्याला हवं होतं. बाकी त्याला काही कमी नव्हतं.

भूकंपाला दहा वर्षं व्हायची होती, तेव्हा वीरभद्र सर दुकानात आले. सर म्हणजे फिजिक्सचे. त्यांच्या क्लासला शहरात चार मजले होते आणि फ्लेक्सवर त्यांचा चेहरा त्या चार मजल्यांच्या मानानं काढलेला असे. भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात त्यांच्या ट्रस्टचं वाचनालय होतं. ते बांधायला तेव्हा इस्रायलमधल्या एका महिला मंडळानं मदत केली होती. आता दशकपूर्तीला त्या मंडळाच्या अध्यक्षा, मिसेस एच. झिराद, स्वतः येणार होत्या.

"जहांगीर, स्मरणिका काढायची. पहिलं पान हिब्रूत," सर म्हणाले.

"हिब्रूत?"

"त्यांच्याच भाषेत. मी त्यांच्या ऑफिसला कळवलं, आम्हाला इंग्रजी नको, तुमच्या भाषेत संदेश पाठवा. अरे, ठिबक तिथलं, संशोधन तिथलं. आपल्या पोरांना दिसलं पाहिजे ते पान. जमंल का?"

"उजवीकडून डावीकडं असतंय ना ते?"

"हाव."

"मग काय विचारून राहिलात सर," जहांगीर म्हणाला, "आमच्या खानदानात पाच पिढ्या तेच केलंय."

दुकानामागच्या घरात भाकऱ्या थापणाऱ्या मलिकानं हे ऐकलं. सर गेल्यावर ती बाहेर आली. "तुम्हाला अब्बांचं उर्दूतलं खत वाचायला माझी मदत लागते. हिब्रू वाचणार म्हणे."

"वाचायचं कुठाय? मशीनवर लावायचंय."

आणि त्याच दिवशी त्यानं नांदेडला फोन केला. "अब्बा, कार्यक्रमाला या. माझ्या मशीनवर उजवीकडनं डावीकडं काम होऊन राहिलंय."

पलीकडून तारीख दोनदा विचारली गेली. मग अब्बा म्हणाले, "येतो."

मोहल्ल्यात एक-दोघांनी भुवया चढवल्या, इस्रायलवाल्यांचं काम आपण कशाला करायचं म्हणून. बिलालमियाँच्या मनाला ते शिवलंही नाही. त्यांच्या हिशेबी जगात दोनच जमाती होत्या, उजवीकडून लिहिणारे आणि बाकीचे.

संदेश फॅक्सनं आला. सुबक छापील अक्षरं, आणि वर उजव्या कोपऱ्यात सुरुवातीचा शब्द जाड ठशात. हैदराबादच्या एका दोस्ताकडून सीडीवर अक्षरांचा फॉन्ट मिळाला. मशीन मात्र हट्टी. कुठलीही अक्षरं द्या, ते डावीकडूनच मांडणार. जहांगीरनं तोड काढली. ओळ वाचायची नाही, तिचं चित्र काढायचं. फॅक्सवरच्या ओळीच्या डाव्या टोकाला, म्हणजे तिच्या शेवटाला, सुरुवात करायची आणि एकेक आकार शोधून मांडत उजवीकडे यायचं. ओळ पूर्ण झाली की दिसायला हुबेहूब. वाचणारा उजवीकडून वाचेल, आपण डावीकडून लावली हे त्याला कळणारही नाही. जहांगीर स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दाखवला.

या युक्तीला पथ्य एकच होतं. प्रत्येक ओळ तिच्या जागी बांधून टाकायची. पण कोचिंगच्या नोट्स लावून लावून त्याच्या हाताला उलटी सवय होती. नोट्समध्ये ओळी कधी बांधायच्या नसतात. सर ऐनवेळी एखादी आकृती घुसवतात, तेव्हा मजकूर आपला आपण सरकून जागा करून देतो. जहांगीरनं हिब्रूही तसंच मोकळं सोडलं.

आणि सरांनी ऐनवेळी आकृती घुसवलीच. आकृती त्यांची स्वतःची होती. "फोटो जरा बारका वाटतोय," असं त्यांनी फोनवर सांगितलं. जहांगीरनं फोटो वाढवला. फोटोनं मजकुराला ढकललं. मजकूर सवयीप्रमाणे सरकला. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाचे शब्द, म्हणजे तिचे पहिलेच शब्द, तिथून सुटून खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला जाऊन बसले. डोकी शेपटांना लागली, शेपटं डोक्यांना. सुरुवातीचा तो जाड शब्द दुसऱ्या ओळीच्या शेवटाला लोंबत राहिला.

छापून आलेल्या गठ्ठ्यातली पहिली प्रत हातात घेतल्यावर जहांगीरला ते दिसलं. मग त्यानं विचार केला. लातूर जिल्ह्यात हे वाचणारं कोण आहे? पाहुण्या बाई पान उघडतील, आपली लिपी बघून खूश होतील, प्रत पर्समध्ये ठेवतील. वाचली तरी परदेशात वाचतील. त्याला बरं वाटलं. तेवढ्यात कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर घेऊन सरांचा माणूस आला. त्यात होतं: 'प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन व मूळ हिब्रू संदेशाचे जाहीर वाचन.'

ती पत्रिका जहांगीरनंच लावली. स्वतःच्या फजितीचं निमंत्रण स्वतः सुबक लावून देण्याचा योग फार थोड्यांना येतो.

कार्यक्रमाला मांडव गच्च भरला होता. गावकरी मागं, क्लासची पोरं पुढं. बिलालमियाँ नांदेडहून आले, इस्त्रीची शेरवानी घालून, हातात पाण्याची बाटली. जहांगीरनं त्यांना कडेच्या खुर्चीवर बसवलं. स्मरणिका मांडीवर ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. जहांगीर दुसरीकडे बघू लागला.

पाहुण्यांशी बोलायला सरांनी इंग्रजीचे एक प्राध्यापक तयार ठेवले होते. गाडी थांबली. नऊवारीत नव्हे, पण साध्या सुती साडीत एक ठेंगणी म्हातारी खाली उतरली. प्राध्यापकांनी घसा साफ करून, "वेलकम मॅडम," असं सुरू केलं.

"अगं बाई," म्हातारी म्हणाली, "काय हे ऊन! आणि लातूरला अजून पाण्याची बोंबच का रे?"

प्राध्यापकांचा तयार केलेला परिच्छेद तोंडातच राहिला. बाईंचं पूर्ण नाव हन्नाबाई झिराडकर. माहेर-सासर कुलाब्याकडच्या मराठी ज्यूंचं, आणि नवरा नांदेडच्या गिरणीत असल्यामुळे तरुणपण नांदेडात गेलेलं. चाळिशीत नवऱ्याबरोबर इस्रायलला गेल्या. तिथल्या कचेरीत झिराडकराचं झिराद झालं. मंडळातल्या सगळ्याच बाया मराठी होत्या. भूकंपाची बातमी ऐकून त्यांनी पैसे जमवले होते ते आपल्या माणसांसाठी. हे सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं, आणि सरांनी ऐकून घेतलं. पण पत्रिकेत जे छापलं ते होणारच होतं.

"आता आदरणीय हन्नाबाई मूळ हिब्रूतून संदेश वाचतील," सरांनी माइकवर जाहीर केलं. "मुलांनो, लक्ष द्या. ही भाषा तुम्हाला परत ऐकायला मिळणार नाही."

हन्नाबाई माइकपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी पान उघडलं, जवळ धरलं, मग लांब धरलं. जहांगीरला पुढचं दिसू लागलं. आता त्या विचारणार, हे काय छापलंय? सर वळून बघणार, मांडव वळून बघणार, आणि अब्बा बघणार. बाकी कुणी बघितलं असतं तर त्यानं दात काढून वेळ मारून नेली असती. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

आणि बाईंनी वाचायला सुरुवात केली. खणखणीत, लयीत, अडखळणं नाही. ओळीवरून बोट फिरवत त्या वाचत होत्या. एक भाग संपला, दुसरा चालीवर म्हटला, तिसऱ्याला डोळे मिटले. संपलं तेव्हा पोरांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. मागच्या बायकांनी डोळे पुसले, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जहांगीरला वाटलं, अल्लामियाँनं स्वतः खाली उतरून शब्द जागच्या जागी लावून दिले.

चहापानाच्या वेळी हन्नाबाईंनी त्याला बोलावून घेतलं. "हे तू लावलंस का रे?"

जहांगीरला इतका वेळ दाबून धरलेलं सहन होईना. "बाई, माफी असावी. फोटो मोठा केला आन् ओळी सगळ्या..."

"हळू बोल." हन्नाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. "मला काय कळतंय त्यात! तिकडं गेल्यावर फॅक्टरीत लागले, घरात पोरं. अक्षरं शिकायची राहूनच गेली. बोलते मोडकंतोडकं. वाचता येत नाही. नातवंडं हसतात मला."

"मग आत्ता वाचलं ते?"

"भाकरी मोडायच्या आधीची प्रार्थना आहे ती. मग शुक्रवारच्या दिव्यांची. मग परत भाकरीची, जरा वेगळ्या चालीत. तोंडपाठ आहेत." त्या गालात हसल्या, मग हसू मावळलं. "स्टेजवर सांगणार होते रे, मला येत नाही म्हणून. पण समोर एवढी शिकणारी पोरं बसलेली. धीर झाला नाही. घरी नात वाचून दाखवील, तेव्हा तरी कळेल काय लिहिलंय. उद्या दुपारी निघते मी."

जहांगीर सुटला. पाठीवरचं पोतं उतरल्यासारखा तो अब्बांकडे आला. "अब्बा, ऐकलं ना? दुकानात चला. आता तर चाय?"

बिलालमियाँनी चष्मा काढून पुसला. "कापी पास न्हाई झाली."

"बाईंनी स्टेजवरनं वाचली की अब्बा!"

"बाईंचं बोट डावीकडनं उजवीकडं फिरत होतं," अब्बा म्हणाले. "उजवीकडनं वाचणारा माणूस झोपेतबी तसं बोट फिरवत न्हाई. बाईंना वाचता येत न्हाई. ते त्यांचं झालं. आता तुझं सांग. हा जाड शब्द दुसऱ्या वळीच्या शेपटाला काय करून राहिला?"

जहांगीरला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुठली लिपी, कुठली भाषा, या माणसाला एक अक्षर ठाऊक नाही, आणि तरी त्यानं पकडलंच. "कुणालाच कळलं न्हाई अब्बा," तो म्हणाला. "साऱ्या जिल्ह्यात कुणालाच न्हाई."

"मला कळलं ना," अब्बा म्हणाले. "तुलाबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर बिलालमियाँ आधीच पायरीवर बसलेले. आत येऊन त्यांनी स्टूल ओढलं, फॅक्स हातात घेतला. "बस. मी सांगतो, तू लाव."

"तुम्हाला ही अक्षरं कुठं येतात?"

"डोळे हायत मला."

मग त्या दुकानात जे चाललं ते बघायला मलिका हातातलं काम टाकून दारात उभी राहिली. म्हातारा अक्षरांना नावं ठेवत होता. "चौकट. एक पाय तुटलेली. मग काठी. मग तीन दातांचा पंजा. मग मान वर काढलेलं, उंटासारखं. मग बारकं, स्वल्पविराम टांगल्यासारखं." ओळीच्या डाव्या टोकापासून उजवीकडे मुलगा मांडत होता आणि बाप उजवीकडून डावीकडे तपासत होता. मध्ये कुठंतरी दोघांची गाठ पडायची. चौकट कुठली, एक पाय तुटलेली की दोन्ही शाबूत, यावर दोनदा भांडण झालं, दोन्ही वेळा म्हाताऱ्याचं बरोबर निघालं. प्रत्येक ओळ संपली की अब्बा म्हणायचे, "बांध." आणि जहांगीर ती बांधायचा. सरांचा फोटो त्यांनी काढूनच टाकला. पान एकदम भरदार दिसू लागलं.

लहानपणी बोरू तासताना बापाच्या खांद्याचा जो वास यायचा तोच वास जहांगीरला आला, शाई नसताना. त्याचे डोळे भरून आले. पडद्याकडे बघून डोळे दुखतात, असं तो म्हणाला.

दुपारी हन्नाबाईंच्या गाडीपाशी जाऊन त्यानं नवं पान दिलं आणि स्मरणिकेतलं जुनं काढून घेतलं. "नातीला हे दाखवा बाई. आन् काही चुकलं असंल तर फोनवर सांगा. इथं एकजण खोळंबलाय."

बिलालमियाँ नांदेडला गेले नाहीत. कापी तपासून येईपर्यंत कातिब जागा सोडत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. रोज सकाळी ते दुकानात येऊन बसत, बाटलीतलं पाणी पीत. गिऱ्हाइकांना चहा यायचा, तो ते लांबून बघत. वेळ जात नसे म्हणून नोट्सच्या पानांतल्या ओळींमधली जागा कमी-जास्त असल्याचं दाखवून देत, आणि एक अक्षर न वाचता दाखवलेलं ते दर वेळी खरं निघे. वीरभद्र सरांनी दुकानाला 'येथे हिब्रू काम अचूक होईल' अशी पाटी लावायची सूचना केली. अब्बा म्हणाले, "थांबा. अजून पास न्हाई."

फोन आला तेव्हा बाहेर एका क्लासची गाडी नोट्सचे गठ्ठे भरत होती. हन्नाबाईंचा आवाज लांबून यायचा, तुटायचा.

"जहांगीर? नातीनं वाचून दाखवलं रे. अरे, काय लिहिलंय ऐक. आमच्या ऑफिसातल्या पोरीनं लिहिलंय ते, तिला मराठी येत नाही. आधी आभार, मग वाचनालय चांगलं चालो. आणि शेवटी काय लिहिलंय?" त्यांना हसू आवरेना. "'हा मजकूर कृपया मराठीत भाषांतर करून मोठ्या अक्षरांत छापावा. आमच्या मंडळातल्या बहुतेक आजींना हिब्रू वाचता येत नाही.'"

जहांगीर इतका हसला की गठ्ठे भरणारी माणसं थांबली. फोन ठेवून त्यानं अब्बांना सगळं सांगितलं. मलिका तोंडाला पदर लावून आत पळाली. बिलालमियाँ हसले नाहीत. त्यांनी मजकूर ऐकून सोडून दिला, जणू त्याच्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता.

"नातीनं वाचला म्हणली?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"कुठं अडखळली का?"

जहांगीरनं आठवून पाहिलं. मग खात्री करावी म्हणून त्यानं पुन्हा फोन लावला, परदेशाचा, आणि फक्त तेवढंच विचारलं. पलीकडून बाईंनी नातीला विचारलं, नात काहीतरी बोलली.

"न्हाई अब्बा," तो फोन ठेवत म्हणाला. "पहिल्या शब्दापासनं शेवटपर्यंत. एकदाबी न्हाई."

बिलालमियाँनी मान हलवली. शेजारच्या टेबलावरचे कागद त्यांनी हातानं गोळा केले, नीट जुळवले आणि दूर, भिंतीशी नेऊन ठेवले. मग परत येऊन स्टुलावर बसले.

"आता चाय सांग," ते म्हणाले. "शक्कर जरा जादा."